शंका असल्यास ‘नाही’ म्हणा

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात मूल्यांकन समिती यावयाची होती. समिती यावयाची म्हटले की सर्वत्र जे होते तेच आमच्याकडेही झाले. कपाटे आवरण्याचे फर्मान निघाले. मराठी विभागाचे कपाट म्हणजे गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा गाळच. जुने दिवाळी अंक, कडा झिजलेल्या हजेऱ्या, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, कोणत्याशा परिसंवादाच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिका. अगदी तळाच्या खणात, बुटांच्या खोक्यात, सुतळीने बांधलेल्या बावीस फ्लॉप्या निघाल्या. साडेतीन इंची, काळ्या. प्रत्येकीवरच्या पट्टीवर आमच्या माजी विभागप्रमुखांचे, म्हणजे सरांचे, तिरपे अक्षर : ‘विहीर-मोट १’, ‘विहीर-मोट २’, ‘बैलगाडी’, ‘गुऱ्हाळ’, ‘माग’.

“मॅडम, हे भंगारात देऊ का?” शिपाईमामांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता.

आम्ही दोघे या विभागात पंधरा-सोळा वर्षे मराठी शिकवतो आणि सरांच्या या उद्योगाविषयी ऐकून होतो. १९९५ पासून पुढची चार-पाच वर्षे सर सुट्टीच्या दिवशी तालुक्यातली गावे हिंडत, म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आणि सुतारांना बोलते करीत आणि वापरातून गेलेल्या अवजारांच्या भागांची नावे टिपून घेत. मोट जाऊन इंजिन आणि मग विजेचा पंप आला त्याला तेव्हाच कित्येक वर्षे लोटली होती. नाडा, सोंदूर, कणा, धाव, थारोळे हे शब्द सहज उच्चारणारी माणसे एकेक करून जात होती. पुढे या ना त्या कारणाने पुस्तक निघाले नाही, सर निवृत्त झाले आणि खोके कपाटात राहिले. कालबाह्य यंत्रांचे शब्द एका कालबाह्य यंत्राच्या पोटात अडकून पडले होते.

संगणकशास्त्र विभागातील एका तरुण सहकाऱ्याने प्रयोगशाळेच्या अडगळीतून फ्लॉपीची फट असलेला एक जुना संगणक शोधून काढला. त्यावर लिनक्स बसवायचे ठरले. “सर, कर्नल मीच जुळवतो. म्हणजे नको ते ओझे राहणार नाही,” तो म्हणाला. कर्नल हा शब्द ऐकून आमच्या डोळ्यांपुढे एक मिशाळ लष्करी अधिकारी उभा राहिला, हे कबूल करायला हरकत नाही. वस्तुतः हा कर्नल म्हणजे आठळीतला गर, कार्यप्रणालीचा गाभा. यंत्राचे अवयव आणि त्या यंत्रावर चालणारे कार्यक्रम या दोहोंमधला हा दुभाष्या. जगात जितक्या तऱ्हेची यंत्रे, तितक्या बोली त्याला याव्या लागतात. मात्र एका यंत्रावर राहायचे तर त्याला त्यांतल्या मोजक्याच पुरतात. कोणत्या ठेवायच्या हे ठरवण्यासाठी तो बांधण्यापूर्वी एक प्रश्नावली सोडवावी लागते. त्या संध्याकाळी सहकाऱ्याच्या खांद्यावरून डोकावत आम्ही ती वाचू लागलो, आणि मग कित्येक संध्याकाळी वाचत राहिलो.

निळ्या पडद्यावर एकाखाली एक प्रश्न येतात. अमुक जातीचा प्रोसेसर आहे का? तमुक कंपनीचे नेटवर्क कार्ड आहे का? उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’, आणि बऱ्याच ठिकाणी तिसरे एक मधले उत्तर : ‘मॉड्यूल’, म्हणजे माजघरात नको, ओसरीवर असू द्या, हाक मारली की आत येईल. बहुतेक प्रश्नांखाली एक छोटे टिपण असते. हे टिपण कुणा एका हाताचे नसते. ज्याने तो भाग लिहिला त्याचेच. त्यामुळे कुठे तुटक, कुठे अघळपघळ, कुठे खट्याळ. पण एक वाक्य पालुपदासारखे पुन्हा पुन्हा येते : शंका असल्यास ‘नाही’ म्हणा. क्वचित कुठे ‘हो’ म्हणा असाही सल्ला आहे, पण कल नकाराकडे. फ्लॉपीचा प्रश्न आम्हांला सापडला तेव्हा त्याचे शीर्षक वाचून आमच्यापैकी एकीला हसू आवरेना. ‘नॉर्मल फ्लॉपी डिस्क सपोर्ट’ असे ते आहे. नॉर्मल! ज्या काळी ती वस्तू सर्वसामान्य होती त्या काळाचे ते विशेषण तसेच चिकटून राहिले आहे, एखाद्या गावातल्या ‘नवा पूल’ नावाच्या शंभर वर्षे जुन्या पुलासारखे.

ही प्रश्नावली पहिल्यापासून एवढी अवाढव्य नव्हती. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस तोर्वाल्ड्स याने आपल्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली तेव्हा ती एका यंत्रापुरती होती : इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा त्याचा स्वतःचा संगणक. पुढे जगभरातून ज्याच्याकडे जे यंत्र होते त्याने त्या यंत्राची बोली आणून ओतली. २००२ मध्ये प्रश्नावलीची आजची रचना आली आणि २०११ पर्यंत प्रश्नांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली होती. दहा हो-नाही प्रश्नांची १०२४ वेगवेगळी उत्तरपत्रे होऊ शकतात. वीस प्रश्नांची दहा लाखांच्या वर. दहा हजारांची किती होतील याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. सगळ्या जुळण्या तपासून पाहणे कुणालाही शक्य नाही, एवढे मात्र त्यातून कळते.

यंत्रे मरतात, पण त्यांचे प्रश्न मागे उरतात. मेलेले प्रश्नही एका जातीचे नसतात. काही प्रश्नांना ‘हो’ म्हटले काय नि ‘नाही’ म्हटले काय, कशातच फरक पडत नाही, कारण त्या उत्तराची वाट पाहणारी आज्ञावली केव्हाच काढून टाकलेली असते. उलट काही ठिकाणी आज्ञावली ‘अमुक पर्याय निवडला असेल तरच मला घ्या’ अशी अट घालून बसलेली असते आणि तो पर्याय प्रश्नावलीतून नाहीसा झालेला असतो. ती बिचारी कायमची दाराबाहेर. आणि काही ठिकाणी निव्वळ मुद्रणदोष. जर्मनीतील एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे एक उदाहरण आहे. पर्यायाचे नाव ‘हॉटप्लग सीपीयू’, आज्ञावलीत पडले ‘सीपीयू हॉटप्लग’. शब्दांची अदलाबदल, एवढेच. पण त्यामुळे आवश्यक भाग कित्येक महिने कर्नलमध्ये येतच नव्हता आणि यंत्र तक्रार करीत नसल्यामुळे कुणाला पत्ताही नव्हता. मुद्रिते तपासून ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांना या दोषाचे दुःख वेगळे सांगायला नको. या संशोधकांनी प्रश्नावली आणि आज्ञावली यांतल्या विसंगती शोधणारे एक साधन तयार केले, त्याला नाव दिले ‘अंडरटेकर’, म्हणजे अंत्यविधी उरकणारा. त्या साधनाला १७७६ दोष सापडले. संशोधकांनी १२३ दुरुस्त्या पाठवल्या. त्यांत ३६४ दोष निस्तरले जात होते.

आता कुणी म्हणेल, निरुपयोगी ओळी पडून राहिल्या तर बिघडले कुठे? कागद लागत नाही, शाई लागत नाही. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. सहकाऱ्याने समजावले ते असे. कर्नलच्या आत एखादी सामायिक पद्धत बदलली की तिच्यावर विसंबलेली प्रत्येक बोली बदलावी लागते. बदल करणारा माणूस प्रामाणिकपणे साऱ्या फायली दुरुस्त करीत जातो, पण त्यातली निम्मी यंत्रे त्याने आयुष्यात पाहिलेली नसतात. दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे पाहायला यंत्रच नाही. अशा पाच-सात दुरुस्त्या अंगावरून गेल्या की ती बोली दिसायला धडधाकट, आतून पोकळ होते. हे ऐकताना आम्हांला हस्तलिखितांच्या नकला करणारे लेखनिक आठवले. न कळलेल्या ओवीला हात न लावता ती नकलणारा एक वेळ परवडतो. न कळलेली ओवी आपल्या काळाच्या भाषेत ‘सुधारून’ लिहिणारा परवडत नाही. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याची पाळी एकनाथांवर आली ती अशाच नकलांमुळे.

तेव्हा साफसफाई आवश्यकच. प्रश्न ती कशी करावी याचा.

पूर्वी कर्नलच्या दस्तऐवजांत एक फाइलच होती, काय काय काढायचे आहे त्याची यादी. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी : काय काढायचे, केव्हा काढायचे, का काढायचे, आणि हे म्हणणारा कोण. इतके नेटके मृत्युपत्र आम्ही वाङ्मयाच्या क्षेत्रात पाहिलेले नाही. पण मुदती टळून गेल्या तरी पुष्कळ नोंदी तशाच राहात; अखेर २०१२ मध्ये तोर्वाल्ड्स यांनी ती यादीच काढून टाकली. त्यानंतरही रीत साधारण तीच राहिली आहे. काढू इच्छिणारा आपल्या नावानिशी प्रस्ताव मांडतो, कारण देतो, आणि विचारतो : हे कुणी अजून वापरते आहे का? मग वाट पाहतो.

त्याच सुमारास ‘एक्सपेरिमेंटल’ नावाच्या पर्यायाचेही विसर्जन झाले. अर्धवट पिकलेल्या गोष्टींवर हा शिक्का असे, आणि तो पर्याय ‘हो’ केल्याशिवाय त्या दिसत नसत. पण हळूहळू शिक्का इतक्या गोष्टींवर बसला की सगळेच वितरक डोळे मिटून ‘हो’ म्हणू लागले, आणि ज्यांवर बसला होता त्या गोष्टी म्हाताऱ्या झाल्या तरी प्रायोगिकच राहिल्या. प्रायोगिक रंगभूमीवर शोधनिबंध तपासणाऱ्यांनी याविषयी अधिक न बोललेले बरे.

३८६ ची कथा मात्र सविस्तर सांगावी अशी आहे. ज्या यंत्रासाठी लिनक्स जन्माला आले तेच हे यंत्र. या प्रोसेसरमध्ये एक उणीव होती. स्मृतीच्या एखाद्या पानावर ‘येथे लिहू नये’ अशी खूण केली तर इतर कार्यक्रम ती पाळत, पण खुद्द कर्नल लिहू लागला की ३८६ ती मनाई जुमानीत नसे. ४८६ पासून ही उणीव दूर झाली. शिवाय एखादी किंमत अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहून त्याच क्षणी बदलण्याची एक आज्ञा ३८६ ला ठाऊकच नव्हती. या दोन उणिवांपायी नवा बदल करताना दर वेळी जुन्या यंत्रासाठी वेगळी वाट राखावी लागे. २०१२ च्या डिसेंबरात इंगो मोल्नार यांनी ३८६ चा आधार काढण्याचा प्रस्ताव पुढे केला. १९९१ मधला मूळ संगणक आता नवा कर्नल चालवू शकणार नाही, याची हळहळही त्यात नोंदवली. तोर्वाल्ड्स यांचे उत्तर दोन लहान वाक्यांचे होते. आपण भावुक नाही, आणि गेले ते बरे झाले, असा त्याचा आशय. २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ नाही.

या उत्तरावरून आमच्या दोघांत बरेच दिवस मतभेद राहिला. आमच्यापैकी एकाला ते उत्तर निर्दय वाटले. जन्मभूमीला असा निरोप देतात का? दुसरीचे म्हणणे असे की हेच खरे संपादकाचे लक्षण. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ यांच्या डोक्यावरची अनुच्चारित टिंबे उतरवली तेव्हाही हळहळणारे होतेच, आणि आज आपला एकही विद्यार्थी त्या टिंबांवाचून अडलेला नाही. यावर पहिल्याने म्हटले, अडलेला नाही खरा, पण पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक हाती दिले की अडखळतो. हा वाद येथेच सोडून देतो. तो आम्ही स्टाफरूममध्ये अजूनही घालतो.

एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य करावी लागली. कर्नलमधून काय जाते आणि काय राहते, हे वयावर ठरत नाही. १९८० च्या दशकातील अमिगा, अटारी आणि जुने मॅकिंटॉश ज्या मोटोरोला ६८००० कुळातल्या प्रोसेसरांवर चालत, त्या कुळाची बोली आजही कर्नलमध्ये नांदते आहे. आणि इंटेल व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी भविष्य म्हणून २००१ मध्ये बाजारात आणलेला इटॅनियम २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ६.७ या आवृत्तीतून बाहेर पडला. त्याच्या काही चाहत्यांनी आर्जव केले, तेव्हा कुणी तो मूळ झाडाबाहेर काही काळ नेटाने सांभाळून दाखवला तर परत घेण्याचा विचार करता येईल, असे त्यांना सांगण्यात आले. २०१८ मध्ये आर्न्ड बर्गमान यांनी एका झटक्यात आठ प्रोसेसर-कुळे काढली. साडेचार लाखांहून अधिक ओळी गेल्या. ब्लॅकफिन, क्रिस, टाइल अशी त्यांची नावे. आता ती वाचताना पुराणातल्या विस्मृत राजवंशांची नावे वाचल्यासारखे वाटते. ही कुळे फार जुनी होती असे नाही, पण त्यांच्या बाजूने ‘आम्ही आहोत’ असे म्हणणारे उरले नव्हते. याउलट हिताचीच्या एच८/३०० ची गंमत पाहा : २०१४ च्या आरंभी आलेल्या ३.१३ मधून तो काढला गेला, मूळच्या जपानी सांभाळकर्त्याने तो डागडुजी करून २०१५ मध्ये परत आणला, आणि २०२२ मध्ये तो पुन्हा गेला.

कर्नलबरोबर सांभाळकर्त्यांची एक फाइल असते. प्रत्येक भागापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. कुणी पगार घेऊन सांभाळत असेल तर एक शब्द, आपखुशीने सांभाळत असेल तर दुसरा. तिसरी अवस्था ‘ऑड फिक्सेस’ : माणूस आहे, पण त्याला सवड नाही, अधूनमधून हात लावतो. चौथी ‘ऑर्फन’, अनाथ. आणि या अनाथ शब्दाच्या स्पष्टीकरणातच वाचणाऱ्याला सुचवलेले असते की बाबा, तूच का नाही पुढे होत? २०१९ च्या जुलैमध्ये आमच्या त्या ‘नॉर्मल’ फ्लॉपीच्या भागावर हा शिक्का बसला. चालू स्थितीतली फ्लॉपीयंत्रे मिळेनाशी झाली होती, आणि बाजारात मिळणारी यूएसबीवर चालणारी. त्यांना हा भाग लागतच नाही. तरीही तो काढला गेला नाही. त्याचे कारण आम्हांला फार बोलके वाटले. एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवतात तेव्हा त्या आभासी संगणकाला एक आभासी फ्लॉपीही दिलेली असू शकते. खरी फ्लॉपी नाही, खरी फट नाही. पण तिचे सोंग चालू आहे, म्हणून तिची बोली हवी. पुढे एका विकसकाने तो भाग अंगावर घेतला आणि ‘अनाथ’चे ‘अधूनमधून’ झाले.

हे ऐकले आणि आम्हांला थारोळे आठवले. मोटेचे पाणी विहिरीच्या काठावर ज्या कुंडीवजा खळग्यात पडते ते थारोळे. मोट गेली, धाव बुजली, खळगाही राहिला नाही. आज आमच्या वर्गात थारोळे म्हणजे काय असे विचारले तर एकही हात वर होणार नाही असे वाटले होते. प्रत्यक्षात सगळेच वर झाले. ‘रक्ताच्या थारोळ्यात’! रोजच्या वर्तमानपत्रातल्या अपघातांनी आणि खुनांनी तो शब्द जिवंत ठेवला आहे. विहिरीचे पाणी संपले आणि शब्द रक्तावर जगला. त्याच्या शेजारचा सोंदूर मात्र गेला, कारण सोंदुराला असा कुणी आश्रयदाता मिळाला नाही.

तर त्या अनाथ होऊन दत्तक गेलेल्या भागाच्या कृपेने आमच्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या. बावीसपैकी एकोणीस पूर्ण, दोन अर्धवट. एकीतून नुसता खरखराट. सहकाऱ्याने शहाणपणा केला की फाइली उघडून पाहण्यापूर्वी प्रत्येक फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवली. मग त्याने पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर दिसली ती रोमन अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची खूण आणि कंस यांची खिचडी.

जाणत्यांना सांगायला नको, युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी फाँटचा कारभार स्वतंत्र असे. कोणत्या रोमन खुणेच्या जागी कोणता काना, कोणती अर्धी अक्षरे, कुठला रफार बसवायचा हे ज्याचा तो ठरवी. ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, रफार नंतर. सरांनी वापरलेला फाँट एका छोट्या व्यावसायिकाने बनवला होता. त्याचे दुकान कधी बंद झाले, तक्ता कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. कुणी विचारले नाही, कुणी वाट पाहिली नाही, कुणी नाव घालून काढले नाही. फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या उद्योगाने फ्लॉपीचे दार पंचवीस वर्षे उघडे ठेवले होते. आतली मराठी आम्ही मराठी माणसांनीच कुलूप लावून ठेवली होती आणि किल्ली हरवली होती.

सुदैवाने खोक्यात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली ‘विहीर-मोट १’ची सहा पाने होती. त्यांवरून आम्ही तक्ता जुळवू लागलो. ही खूण म्हणजे क, ही म्हणजे अर्धा ष. उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात गेली. अखेर सर्व खुणा लागल्या, एक उरली. छापील पानांवर तिचा मागमूस नव्हता, पण नंतरच्या फ्लॉप्यांमध्ये ती जागोजाग होती. काढून टाकली तर शब्द बिनचूक लागत होते, ठेवली तर मध्येच एक चौकोन उमटे. कसला तरी केर असावा, टंकताना पडलेला. आमच्यापैकी एकाने हसत म्हटलेही, “शंका असल्यास नाही म्हणा.” आम्ही ती सरसकट काढली, मजकूर छान स्वच्छ झाला, आणि त्याचे शे-दीडशे पानांचे बाड घेऊन आम्ही सरांकडे गेलो.

सर आता ऐंशीचे आहेत. कानाने कमी ऐकू येते, नजर शाबूत आहे. “सर, तुमचे शब्द परत आणलेत,” असे म्हणून आम्ही बाड त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, बैलगाडीचे पान काढले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान वर करून म्हणाले, “टिंबे कुठे गेली?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

“चच्या खालची टिंबे. जच्या खालची. चाक बघ, जू बघ. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगणे, हे तू एकच म्हणतेस का? आपल्या लिपीत दोन्ही सारखे लिहितात म्हणून मी त्या फाँटवाल्याकडून मुद्दाम ती खूण करून घेतली होती. कुठल्या गावात कुठला च लावतात, सगळे त्यात होते.” आवाजात राग नव्हता, परीक्षेत सोपे गुण घालवलेल्या विद्यार्थ्याशी बोलावे तसा होता.

आम्ही परत आलो त्याच संध्याकाळी सहकाऱ्याला गाठले. त्याने मूळ नकला काढल्या. ती खूण जवळजवळ सगळीकडे च, ज किंवा झ यांच्याच मागोमाग येत होती. एकदा तरी मोजून पाहिले असते तर आम्हांला कळले असते. युनिकोडमध्ये नुक्ता आहे. तक्त्यात एक ओळ वाढवली आणि टिंबे परत आली. जी दोन फ्लॉप्या अर्धवट वाचल्या गेल्या त्यांतली अर्थात अर्धवटच.

पुढच्या रविवारी नवे बाड घेऊन पुन्हा गेलो. सरांनी पेन्सिल मागून घेतली आणि जिथे मजकूर तुटला होता ती पाने पुढे ओढून आठवणीने टिंबे देत सुटले. आम्ही चहा घेत बघत बसलो. चऱ्हाटापाशी पेन्सिल भरभर चालली. एका शब्दापाशी मात्र थांबली. सरांनी तो शब्द एकदा या चने उच्चारून पाहिला, मग त्या चने, मग पुन्हा पहिल्या. “हा त्या खालच्या वाडीच्या सुताराचा,” ते म्हणाले, “त्यालाच विचारायला हवे होते,” आणि टिंबाच्या जागी त्यांनी बारीकसे प्रश्नचिन्ह काढले.